दिनविशेष : २४ ऑक्टोबर – अलेक्झांडर गिब्सन यांचा जन्म (१८००)

मुंबई इलाख्याच्या वनस्पतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेले स्कॉटिश शल्यवैद्य अलेक्झांडर गिब्सन यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८०० रोजी झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत दाखल झालेले गिब्सन पुढे पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक आणि इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. एन. ए. डॅलझेल यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला ‘द बॉम्बे फ्लोरा’ हा वनस्पतिवर्णनाचा ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांच्या कार्याचा सर्वांत देखणा अवशेष मात्र चित्ररूप आहे. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून या उद्यानातील देशी व परदेशी वनस्पतींची सुमारे १७० जलरंगचित्रे काढून घेतली. वनस्पतिचित्र म्हणजे केवळ फुलाची शोभा टिपणारे चित्र नव्हे. पानांची मांडणी, फुलाचे सुटे केलेले भाग आणि फळ यांतून जातीची ओळख पटावी, इतका नेमकेपणा त्यात अपेक्षित असतो, आणि वाळवून दाबलेल्या नमुन्यात नाहीसा होणारा रंग अशा चित्रातच टिकतो. ‘दापुरी चित्रे’ म्हणून ओळखला जाणारा हा संग्रह आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या ग्रंथालयात जतन केलेला असून हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यावर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रकाराचे नाव अद्याप अज्ञात आहे, ही या वैभवशाली वारशातील सर्वांत खेदाची उणीव होय. गिब्सन यांचे निधन १८६७ मध्ये झाले.