कॉर्नफ्लेक्सवर नाव कुणाचं?

कॉर्नफ्लेक्स कुणा कारखानदाराने शोधून काढले असतील, असं मला बरीच वर्षं वाटायचं. प्रत्यक्षात त्यांचा उगम एका आरोग्यधामाच्या स्वयंपाकघरात आहे.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बॅटल क्रीक नावाचं गाव आहे. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाने तिथे १८६६ मध्ये हे आरोग्यधाम काढलं. १८७६ पासून डॉ. जॉन हार्वे केलॉग त्याचे प्रमुख. मांस बंद, दारू बंद, कॉफीही बंद. मग रोग्यांना सकाळी द्यायचं काय? डॉक्टरांच्या पत्नी एला प्रयोगांचं स्वयंपाकघर सांभाळत. धाकटा भाऊ विल हिशेबापासून पडेल ते काम करी.

१८९४ च्या सुमारास शिजवलेल्या गव्हाचा एक घाणा तसाच पडून राहिला. शिळा झालेला तो गहू रुळांमधून काढला, तर सलग पोळी न होता दाण्यागणिक सुटा पापुद्रा निघाला. ओल दाण्यात सारखी मुरली होती, एवढंच गुपित! पोहे करणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही. भातही आधी भिजवतात, मग भाजून चेपतात.

पेटंट १८९६ मध्ये मिळालं, एकट्या डॉक्टरांच्या नावावर. विलचं नाव नाही, एलाबाईंचं तर नाहीच. मला हे खटकतं.

पण गुपित गावात राहिलं नाही. १८९१ मध्ये तिथे उपचार घेतलेल्या सी. डब्ल्यू. पोस्ट यांनी १८९७ मध्ये 'ग्रेप-नट्स' बाजारात आणलं आणि पैसा केला. ते पाहून बॅटल क्रीकमध्ये डझनावारी कंपन्या निघाल्या. धान्य कुठेही मिळत होतं; ते लाटायला आणि भाजायला शिकलेले हात इथे होते.

विलला मक्याच्या पापुद्र्यांत साखर हवी होती, डॉक्टरांना ती विषासमान. १९०६ मध्ये विलने वेगळी कंपनी काढली, खोक्यावर स्वतःची सही छापली. आडनाव कुणी वापरायचं यावरून सख्खे भाऊ कोर्टात गेले. १९२० मध्ये निकाल विलच्या बाजूने लागला.

हीच कंपनी १९९४ मध्ये भारतात आली. कारखाना घातला आपल्या तळोज्याला. जाहिरातीत दूध थंड होतं. आपल्याकडे सकाळचं दूध तापवलेलं. ते ओतलं की पापुद्रे क्षणात मऊ पडत.