नाक, अब्रू आणि तरुणास्थी

मराठी माणसाची अब्रू नाकात वसते. नाक राखले जाते, नाक खाली होते, नाक कापले जाते. या वाक्प्रचारांमागे निव्वळ अलंकार नाही. नाक छाटणे ही या देशात दीर्घकाळ प्रत्यक्ष अमलात आलेली शिक्षा होती. जीव घेणे हा तिचा हेतू नव्हता. जिवंत माणसाच्या तोंडावर कलंक कायमचा कोरून ठेवणे, हा होता. म्हणूनच छाटलेले नाक पुन्हा घडविण्याच्या विद्येकडे केवळ शल्यकर्म म्हणून पाहता येत नाही. शासनाने पुसलेला चेहरा माणसाला परत मिळवून देण्याची ती विद्या होती.

या विद्येचा प्राचीन आधार सुश्रुतसंहितेत सापडतो. सूत्रस्थानाच्या १६ व्या अध्यायात झाडाचे पान नाकाच्या मापाने कापून घ्यावे, त्या मापाची त्वचा गालावरून एका बाजूने जोडलेली ठेवून उचलावी, नाकाच्या जागी बसवून बांधावी आणि श्वासासाठी आत दोन नळ्या ठेवाव्यात, असा विधी आला आहे. त्याच संहितेच्या शारीरस्थानात अस्थींचे पाच प्रकार सांगताना नाक, कान इत्यादी ठिकाणच्या अस्थींना ‘तरुण’ असे नाव दिले आहे. आघाताने नळीसारखी हाडे मोडतात, तरुणास्थी मात्र वाकतात, हे निरीक्षणही त्याच संहितेच्या निदानस्थानात आहे. आजच्या परिभाषेत आपण जिला कूर्चा म्हणतो, तिची ही ओळख होय.

नाकाचा वरचा तिसरा हिस्सा तेवढा हाडाचा. खालचा सारा डोलारा कूर्चेवर उभा असतो. मध्यभागी पडद्याची कूर्चा, तिच्या दोन्ही अंगांना वरच्या कूर्चा आणि शेंड्याशी नाकपुड्यांना कमानीसारखा आधार देणाऱ्या खालच्या कूर्चा, अशी ही रचना आहे. गर्भाच्या पाचव्या आठवड्याच्या सुमारास चेहऱ्यावर नासिकेचे खळगे दिसू लागतात; पुढे त्यांच्याभोवती कूर्चेचे कोश तयार होते. तिचा काही भाग हाड होतो, काही आयुष्यभर कूर्चाच राहतो. कूर्चेच्या आत रक्तवाहिन्या नसतात. सभोवतालच्या आवरणातून झिरपणाऱ्या पोषणावर ती जगते. म्हणूनच एकदा गमावलेली कूर्चा आपणहून पुरती भरून येत नाही.

इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुण्याचे आहे. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात कंपनीच्या सैन्यातील एक मराठा बैलहाक्या टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात छाटण्यात आला. छापील नोंदीत त्याचे नाव ‘कावसजी’ असे आहे. सुमारे वर्षभरानंतर, १७९३ साली, पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसविले. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये, जेम्स वेल्सने काढलेल्या चित्रावरून केलेल्या छापासह प्रसिद्ध झाली. तीत मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकारात घडविणे, तो सपाट करून कपाळावर आखणे, भुवयांच्या मध्ये देठ राखून त्वचा सोडविणे आणि ती पिळून खाली वळविणे, हा क्रम दिला आहे. जोडावर काताचा लेप लावलेल्या चिंध्या, नंतर तुपात भिजविलेले कापड, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या घड्या आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठाचा छेद, असा पुढील उपचार होता.

सुश्रुत गाल सांगतो, पुण्याचा कारागीर कपाळ निवडतो. ग्रंथ आणि हात यांच्यामधील हे अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. ही विद्या ग्रंथातून जशीच्या तशी उतरली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावात ती बदलत आली होती. रुग्णाचे, साक्षीदार शल्यवैद्यांचे, चित्रकाराचे नाव इतिहासाने जपले. ज्याच्या हाताने नाक उभे केले, त्याची मात्र जात तेवढी उरली.

या वृत्तान्तावरून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू याने २३ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमध्ये असे शल्यकर्म केले आणि १८१६ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. तत्पूर्वी इटलीत तालियाकोत्सीने १५९७ मध्ये दंडाच्या त्वचेची पद्धती ग्रंथबद्ध केली होती. पण ती मागे पडली होती. कपाळाची पद्धती यानंतर युरोपात ‘भारतीय पद्धती’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली.

मात्र तिच्यातील उणीव मूलभूत होती. नवे नाक त्वचेचे होते. आत सांगाडा नव्हता. व्रण आकसला की नाकपुड्या मिटू लागत. सुश्रुताच्या नळ्या आणि पुण्याच्या कापडी घड्या या खरे तर गमावलेल्या तरुणास्थीच्या बदली उभे केलेले आधार होते. पहिल्या महायुद्धात हॅरल्ड गिलीज याने बरगडीची कूर्चा नाकाच्या घडणीत वापरली आणि अस्तर, सांगाडा, त्वचा या तिन्ही थरांचा विचार शल्यशास्त्रात रुजत गेला. आज बरगडी, कान वा नाकाचाच पडदा यांतून कूर्चा घेतली जाते. २०१४ मध्ये बाझल येथील संशोधकांनी पाच रुग्णांच्या नाकाच्या पडद्यातील पेशींपासून प्रयोगशाळेत वाढविलेली कूर्चा त्यांच्याच नाकपुड्यांत बसविल्याचे प्रसिद्ध केले.

तरीही त्यावर पांघरण्यासाठी मोठ्या व्यंगात शल्यवैद्य आजही कपाळाचीच त्वचा वळवितो. सांगाडा नव्या शास्त्राने दिला. त्यावरची कातडी अजून त्या निनावी कारागिराच्या रीतीने येते.