माळवदाखालची पहाट

“किल्लारीच्या वेळी तुम्ही कुठं होता?” आमच्या करकंबात हा प्रश्न निघाला, की उत्तरात आधी छप्पर येते. कुणी माळवदाखाली होता, कुणी पत्र्याखाली. कुणी गणपती बोळवून अंगणातच आडवा झालेला.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. विसर्जनाने दमलेली माणसे गाढ झोपेत होती. लातूर-धाराशिवकडे सुमारे दहा हजार जीव गेले. भूकंपाने धरणी हलवली. घात केला तो घरांनी. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मणामणांच्या मातीचे माळवद! उन्हाळ्यात गारवा देणारे, वाडवडिलांनी हौसेने बांधलेले घरच अंगावर आले.

मी तेव्हा शाळकरी पोर. बातम्या येऊ लागल्या तशा आमच्या आळीतल्या वाकळी अंगणात आल्या. म्हाताऱ्यांना १९६७ सालचा कोयनेचा भूकंप आठवला, तोही पहाटेचाच. किल्लारी, सास्तूर ही गावे पुढे नव्या जागी वसली.

आमचे माळवद आजोबांनी दुसऱ्याच वर्षी उतरवले. पत्र्याखालचा पहिला वैशाख मात्र त्यांना सोसवेना. दुपारभर ते शेजारच्या माळवदाखाली जाऊन निजत.