गोधडीच्या पोटातली गाठ

आजी गेल्यावर तिची चार लुगडी आईनं तलासरीच्या घरात पेटीत ठेवली. गेल्या दिवाळीला मी म्हणालो, गोधडी शिवतो. मशीनवर. इंजिनिअर आहे, मशीनला काय घाबरायचं?

आजी गोधड्या हातानंच शिवायची. धावदोरा, एक सुई, एक दोरा. किती ओढायचा ते तिच्या बोटांना कळायचं.

एका दोऱ्याची मशीनही होऊन गेली. फ्रान्सच्या बार्तेलेमी तिमोनिए या शिंप्यानं १८३० मध्ये पेटंट घेतलेली मशीन साखळीटाका घालायची. पोटावर पाय येईल म्हणून पॅरिसच्या शिंप्यांनी त्याच्या मशीन फोडल्या. (आमच्या ऑफिसात एआयचा विषय निघाला की मला हे शिंपी आठवतात.) पण साखळीटाक्याचं टोक सुटलं की शिवण सरसर उसवते. अमेरिकेत एलायस हाऊनं १८४६ मध्ये पेटंट घेतलेल्या मशीनमध्ये सुईचा दोरा वेगळा आणि शटलमधला वेगळा. दोघांची गाठ कापडाच्या पोटात पडते, म्हणून टीप सहज उसवत नाही.

मात्र दोन दोरे आले तशी रस्सीखेचही आली. ज्याचा ओढा जास्त, त्याच्या बाजूला गाठ सरकते. म्हणून वरचा दोरा दोन चकत्यांमधून जातो. स्क्रू फिरवला की स्प्रिंग त्या आवळते. खालच्या दोऱ्यासाठी बॉबिनच्या डबीवर छोटी पट्टी. आजीच्या बोटांचं काम इथं आलं.

मुंबई-सुरत रेल्वे डहाणूवरून १८६० च्या दशकातच धावू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगर कंपनीचा भारतातला धंदा नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी वाढवला. आमच्या घरी मात्र उषा; १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगनं सुरू केलेली.

तर, मी टीप मारली. वरून सुरेख, उलटून पाहिलं तर दोऱ्याची वेटोळी. गुंता खाली, म्हणजे दोष खाली, असं धरून मी बॉबिनची पट्टी आवळत बसलो. मग वरचा स्क्रू शेवटपर्यंत. काही फरक नाही. टीप उसवली तर जुन्या लुगड्यावर भोकांची रांग तशीच.

डबी घेऊन डहाणू रोडला गेलो. स्टेशनजवळच्या मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांनी डबी दोऱ्यावर लोंबकळत धरली, हलका झटका दिला. जागची हलेना. पट्टी सैल केल्यावर झटक्यासरशी बोटभर खाली येऊन थांबली.

"दोरा ओवताना कापड दाबायचा पाय वर होता का?"

नव्हता. पाय खाली असला की चकत्या मिटलेल्या असतात. दोरा आत बसतच नाही. वरचा दोरा सैल, म्हणून वेटोळी खाली. मी फिरवत होतो त्या स्क्रूच्या पकडीत दोराच नव्हता.

घरी येऊन पाय उचलून दोरा ओवला, तितक्याच थरांच्या चिंधीवर आधी टीप मारली. दोन्हीकडून सारखी.

भोकांचा पट्टा आईला दाखवला. तिनं त्यावर बोट फिरवलं.

"हा भाग आतल्या थराला घे," ती म्हणाली. "आणि कडेची शिवण मी हातानं घालते."