‘गोंधळ’ नावाची वही

बारावीचा निकाल लागला की धर्मग्रामातील पालकांची पावले आमच्या दाराशी वळू लागतात. कोणाला दाखल्यावर सही हवी असते, कोणाला शिफारसपत्र. गेल्या वर्षी एक माता आपल्या मुलाला घेऊन आली. तिची तक्रार जरा निराळी होती. मुलगा नापास झाला नव्हता; उलट सर्वच विषयांत त्याला चांगले गुण होते. तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवितो, चित्रे काढतो, गणितात त्याचे डोके चालते आणि किनाऱ्यावरून वेचून आणलेल्या शंखशिंपल्यांनी त्याने घरातील एक खिडकी अडवून ठेवली आहे. “फादर, ह्याला सगळंच आवडतं. एक काय ते ठरव म्हणून तुम्हीच सांगा,” माता म्हणाली. मुलगा खाली मान घालून बसला होता. अनेक गोष्टी आवडणे हा पापनिवेदनात सांगावयाचा अपराध आहे, असा त्याचा चेहरा झाला होता.

त्या दिवशी आम्हाला नीटसे उत्तर सुचले नाही. रात्री मात्र एका माणसाची आठवण झाली. सेमिनरीत चर्चच्या इतिहासाच्या तासाला त्याचे नाव आमच्या कानी पडले नव्हते. पुढे कित्येक वर्षांनी भूगर्भशास्त्राच्या एका पुस्तकात ते भेटले आणि हा शास्त्रज्ञ बिशप होता हे वाचून आम्ही चकित झालो. हे गृहस्थ म्हणजे नील्स स्टेनसन, लॅटिन नावाने निकोलस स्टेनो.

स्टेनो यांचा जन्म १६३८ साली कोपनहेगन येथे एका सोनाराच्या घरी झाला. घराणे लुथरपंथीय. १६५६ मध्ये ते वैद्यकाच्या अभ्यासासाठी तेथील विद्यापीठात दाखल झाले. दोनच वर्षांत स्वीडनच्या सैन्याने शहराला वेढा घातला आणि विद्यार्थ्यांनाही शहराच्या रक्षणासाठी उभे राहावे लागले. अशा त्या दिवसांत, १६५९ साली, एकवीस वर्षांच्या ह्या तरुणाने एक वही लिहिली. तिच्या आरंभी येशूचे नाव घालून त्याने मथळा दिला : ‘केऑस’, म्हणजे गोंधळ.

ही वही आजही उपलब्ध आहे. मथळा किती सार्थ होता हे ती चाळताच ध्यानी येते. गॅलिलिओ, केप्लर, देकार्त, गासेंदी अशा ग्रंथकारांतून काढलेली टिपणे, हिमकणांचे आकार, ग्रहतारे, औषधे, शरीररचना, गणित, सारे एकापाठोपाठ एक, जसे हाती लागेल तसे. आणि ह्या गर्दीत मधूनच स्वतःवर ओढलेले कोरडे. आपण एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारतो, घाईने वाचतो, काहीच तडीस नेत नाही, अशी खंत ते नोंदवितात. ही पीडा दूर कर आणि मन एका कामावर स्थिर ठेव, अशी देवापाशी याचना करितात. आमच्या अंगणात बसलेल्या मुलाची आणि ह्या तरुणाची व्यथा एकच होती. मधे केवळ साडेतीनशे वर्षांचे अंतर.

ह्या प्रार्थनेचे उत्तर कसे आले, हे पाहण्याजोगे आहे. स्टेनो यांच्या आवडी कमी झाल्या नाहीत. त्यांना एका वेळी एका प्रश्नापाशी थांबण्याची सवय लागली.

१६६० च्या वसंत ऋतूत ते अॅमस्टरडॅमला आले. सरावासाठी त्यांनी मेंढीचे एक डोके मिळविले. मेंदू पाहण्याचा बेत होता. त्याआधी गालाकडील वाहिन्या तपासताना त्यांची बारीक सळई एका अनोळखी नळीत शिरली आणि पुढे सरकत जाऊन दातावर टक्कन वाजली. कानाजवळच्या लाळग्रंथीतून तोंडात लाळ आणणारी ती नलिका होती. वैद्यकात ती आजही स्टेनसनच्या नावाने ओळखली जाते. ज्यांच्या घरी ते राहत होते त्या प्राध्यापकांनी हा शोध आपलाच असल्याचा दावा केला. वाद पेटला. ह्या वादाला उत्तर देण्यासाठी स्टेनो यांनी इतर ग्रंथींचाही कसून अभ्यास केला, डोळ्यांत अश्रू कोठून येतात ते दाखविले, आणि तेथून ते स्नायूंकडे वळले. हृदय हे उष्णतेचे वा प्राणशक्तीचे गूढ निवासस्थान आहे, असे त्या काळचे मोठमोठे विद्वान मानीत. हृदय हा एक स्नायू आहे, असे स्टेनो यांनी दाखवून दिले.

१६६५ साली पॅरिसमध्ये त्यांनी मेंदूविषयी व्याख्यान दिले. आपल्याला मेंदूविषयी काही ठाऊक नाही, अशी कबुली त्यांनी जमलेल्या विद्वानांपुढे प्रारंभीच दिली. ज्या तरुणाला सारे काही जाणून घ्यावयाचे होते, त्याने सहा वर्षांत आपल्या अज्ञानाची मोजदाद करावयास शिकावे, ही प्रगती लहान नव्हे.

पुढील वर्षी ते फ्लॉरेन्सला आले. तेथील मेदिची घराण्यातील ग्रँड ड्यूकने त्यांना आश्रय दिला. ऑक्टोबर १६६६ मध्ये लिव्होर्नोजवळ कोळ्यांनी एक प्रचंड मुशी पकडली. तिचे डोके ड्यूकच्या आज्ञेवरून फ्लॉरेन्सला आणून स्टेनो यांच्या हवाली करण्यात आले. काम शरीररचनेचे होते; पण दात पाहताच त्यांना माल्टा बेटावर सापडणारे त्रिकोणी दगड आठवले. संत पौल माल्टाच्या किनाऱ्याला लागले असता त्यांच्या हाताला साप झोंबला, हे वृत्त आपण प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकात वाचतो. त्या प्रसंगावरून हे दगड म्हणजे सापांच्या जिभा आहेत आणि ते विषावर उतारा देतात, अशी लोकसमजूत होती. ते मुशीचे दात असावेत, असे फाबिओ कोलोन्ना ह्या इटालियन विद्वानाने १६१६ मध्येच म्हटले होते. स्टेनो यांनी तेथे न थांबता पुढचा प्रश्न विचारला : समुद्रातील प्राण्याचे दात डोंगरातील खडकात शिरले कसे?

ह्या प्रश्नाने त्यांना टस्कनीच्या टेकड्यांवर, खाणींत आणि गुहांत फिरविले. १६६९ मध्ये त्यांनी एक छोटेसे लॅटिन पुस्तक प्रसिद्ध केले. पाण्यातील गाळ थरावर थर बसत जातो. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. थर मुळात आडवे असतात, ते कललेले दिसले तर मागाहून काही उलथापालथ झाली असे समजावे. आज शाळेतील मूलही हे सांगेल. परंतु भूमीच्या पोटातील इतिहास पानापानाने वाचता येतो, हे येथे प्रथमच इतक्या नेटकेपणाने मांडले गेले. त्याच पुस्तकात स्फटिकांच्या कोनांचा विचार आहे, शिंपल्यांचाही आहे. गोंधळाच्या वहीत विखुरलेल्या आवडी येथे एका प्रश्नाभोवती गोळा झालेल्या दिसतात. हे पुस्तक म्हणजे केवळ प्रस्तावना आहे, मुख्य ग्रंथ मागाहून येईल, असे त्यांनी शीर्षकातच सुचविले होते.

तो ग्रंथ कधीच आला नाही.

दरम्यान त्यांच्या अंतरंगात दुसरे एक शोधकार्य चालू होते. २ नोव्हेंबर १६६७ रोजी त्यांनी कॅथोलिक श्रद्धेचा स्वीकार केला. १६७५ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १६७७ मध्ये उत्तर युरोपातील विखुरलेल्या कॅथोलिकांची जबाबदारी देऊन त्यांना बिशप करण्यात आले. चर्चने त्यांचे विज्ञान बंद पाडले, असे कोणी समजू नये. त्यांचे १६६९ चे पुस्तक रीतसर परवानगी घेऊनच छापले गेले होते. त्यांनी ते आपणहून खाली ठेवले. हॅनोव्हर, म्युन्स्टर, हॅम्बुर्ग आणि श्वेरिन असा त्यांचा पुढला प्रवास झाला. म्युन्स्टर येथे बिशपच्या निवडणुकीत पैशांचा व्यवहार झाल्याचे पाहून त्यांनी निषेध म्हणून ते शहर सोडले. अंगावर जुना झगा, कडक उपवास, आणि जे जवळ असेल ते गरिबांना, असे त्यांचे जीवन होते. ५ डिसेंबर १६८६ रोजी श्वेरिन येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. १९८८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्य घोषित केले.

येथे आम्हा धर्मगुरूंना थोडा प्रामाणिकपणा दाखविला पाहिजे. व्यासपीठावरून अशी कथा सांगताना ‘त्यांनी विज्ञानाचा त्याग केला’ असे एका वाक्यात म्हणून आम्ही पुढे सरकतो. तत्त्वज्ञ लायब्निट्झ इतक्या सहजपणे पुढे सरकला नाही. हॅनोव्हरला त्याचा स्टेनो यांच्याशी निकटचा परिचय होता. भूमीविषयीचे संशोधन पुरे करावे, असा त्याने आग्रह धरला. पुढे त्याने खेदाने लिहिले की एक थोर निसर्गशास्त्रज्ञ सामान्य दर्जाचा ईशज्ञानी होऊन बसला. हा शेरा बोचरा आहे. पण त्यात एका मित्राची हळहळ आहे, आणि ती खोटी ठरविणे आम्हाला जमत नाही. स्टेनो यांचे ईशज्ञानविषयक लेखन आज फार थोडे लोक वाचतात. त्यांच्या थरांच्या नियमांवाचून भूगर्भशास्त्राचे पान हलत नाही.

मग त्यांची निवड चुकली काय? आम्हाला तसे म्हणवत नाही. श्वेरिनच्या मूठभर कॅथोलिकांना थरांच्या नियमांचा उपयोग नव्हता. त्यांना मिस्सा आणि मरणाऱ्याच्या उशाशी बसणारा कोणी हवा होता, आणि तेथे जाण्यास दुसरे फारसे कोणी तयार नव्हते. निवड करणे म्हणजे नुकसान टाळणे नव्हे. अनेक देणग्या लाभलेल्या माणसाने कोणतीही वाट धरली तरी काहीतरी मोलाचे मागे राहणारच. ते मोलाचे नव्हतेच, असे मनाला समजावून घेणे ही आत्मवंचना होय.

आमच्या कपाटातही एक वही आहे. तरुणपणी वसईच्या किल्ल्यातील भग्न चर्चमध्ये जाऊन तेथील थडग्यांवरील पोर्तुगीज लेख आम्ही उतरवून घेत असू. गुरुदीक्षेनंतर ते काम राहिले ते राहिलेच. त्या वहीची हळहळ वाटते हे मान्य करण्यास आम्हाला बरीच वर्षे लागली. ह्या वाटेवर आलो याचा पश्चात्ताप मात्र झाला नाही. दोन्ही गोष्टी एकाच मनात नांदू शकतात.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही त्या मुलाला गाठले आणि ‘गोंधळ’ नावाच्या वहीची हकिकत सांगितली. जन्माचा निर्णय आज घेऊ नकोस, म्हणालो; सध्या एक प्रश्न धर आणि तो सुटेपर्यंत किंवा तू थकेपर्यंत सोडू नकोस. तो प्रश्नच तुझ्या इतर आवडींना हाका मारील. ज्या आवडी येणार नाहीत, त्यांच्यासाठी मनात थोडे दुःख राहू दे.

त्याने थोडा विचार केला आणि विचारले, “फादर, शंख एकाच बाजूला का वळतात?”

आम्हाला उत्तर ठाऊक नव्हते. तसे आम्ही त्याला सांगितले.