तळटीप : ‘टीव्हीवर चालेल अशी डीव्हीडी’

* लेखकाने एका वाक्यात उरकलेला हा व्यवहार वस्तुतः दुहेरी आहे, आधी रूपांतर आणि मग तबकडीवर लेखन, आणि त्यातील पूर्वार्धाचे विस्मरण हेच बहुतेकांच्या निराशेचे मूळ असे. संगणकातील चित्रफीत जशीच्या तशी तबकडीवर उतरविली, तर ती दप्तरखान्यातील कागदाप्रमाणे तेथे नुसती जमा होते. परंतु दूरचित्रवाणीस जोडलेला जुना, साधा प्लेअर, ज्यास डीव्हीडीवर मुख्यतः एमपेग-२ पद्धतीने बांधलेली चित्रे उलगडता येतात आणि जो ती ‘व्हिडिओ_टीएस’ नामक फोल्डरातच शोधतो, तो अशी तबकडी बिनदिक्कत नामंजूर करतो. (पुढील काळातील डिव्हएक्स ही चित्रफितींची पद्धतही जाणणारे प्लेअर याबाबतीत पुष्कळ उदार होते.) म्हणून प्रथम रूपांतर करावे लागे : भारतातील पाल पद्धतीस अनुसरून सेकंदास २५ चित्रे, आणि प्रत्येक चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे. अमेरिकेतील आप्तांकडून आलेल्या लग्नाच्या चित्रणात हाच वेग २९.९७ असल्यामुळे, निष्काळजीपणे केलेल्या रूपांतरात वधूवर अडखळत चालताना दिसत. तबकडीच्या वेष्टनावरील ४.७ जीबी हा आकडा दशमान हिशेबाचा. संगणक त्याच जागेची नोंद सुमारे ४.३७ अशी करी. तीत बऱ्या दर्जाचे चित्रण सुमारे दोन तास मावे, आणि त्याहून अधिक कोंबण्याचा आग्रह धरणाऱ्यास चेहऱ्यांऐवजी चौकटी पाहाव्या लागत. लेखन आटोपल्यावर तबकडी ‘फायनलाइज’ करण्याचा सोपस्कार राहून गेल्यास, संगणकावर सुरळीत चालणारी तीच तबकडी दिवाणखान्यातील प्लेअरला बहुधा वाचता येत नसे. — संपादक