गरम कॉफी

आधीच सांगून टाकतो. घरातली मोठी मंडळी हे पान वाचतात याची मला कल्पना आहे. आजचा विषय जरा 'तसला' आहे, पण वर्णनं काही नाहीत. तेव्हा मावशी, निर्धास्त वाचा :)

व्हिडिओ गेममधल्या शृंगाराचा, किंवा सरळ म्हणायचं तर सेक्सचा विषय निघाला की एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं. अमेरिकनांना रक्त चालतं पण नग्नता चालत नाही, युरोपात उलटं, जपानात सगळंच चालतं आणि आपल्याकडे काहीच नाही. संस्कृती, दुसरं काय! त्यात तथ्य नाही असं नाही. जर्मनीत हिंसेवर इतका कटाक्ष होता की 'कॉन्ट्रा'तले सैनिक युरोपच्या आवृत्तीत यंत्रमानव होऊन आले. पण हा सगळा इतिहास जरा खणून बघितला की संस्कृतीच्या मागून दर वेळी कुणीतरी दुकानदार डोकावतो.

2005 चंच प्रकरण घ्या. 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास' हा गेम आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात प्लेस्टेशन 2 वर आला आणि धडाक्यात खपत होता. टोळीयुद्धं, गाड्या पळवणं, रस्त्यावरच्या माणसाला उगाचच गोळी घालणं, सगळं त्यात होतं. अमेरिकेतल्या ईएसआरबी या मंडळाने त्यावर 'एम', म्हणजे 17 वर्षं आणि पुढे, असा शिक्का मारला होता. गेमच्या नायकाला मैत्रिणी असतात. भेट चांगली झाली की मैत्रीण त्याला कॉफीला घरात बोलावते, दार लागतं आणि आपण बाहेर. आवाज तेवढे ऐकू येतात. जुन्या हिंदी सिनेमात दोन फुलं एकमेकांवर टेकायची, त्यातलाच प्रकार.

जून 2005 मध्ये गेमची पीसीवरची आवृत्ती आली आणि लगेच पॅट्रिक विल्डेनबोर्ग या डच प्रोग्रामरने एक छोटासा मॉड इंटरनेटवर टाकला. तो बसवला की आपण दाराबाहेर राहत नाही. आत जे चाललंय ते दिसतं, नव्हे, बटणं दाबून खेळताही येतं. नायकाच्या अंगावरचे कपडे शाबूत, बरं का! मॉडचं नाव 'हॉट कॉफी'. रॉकस्टार कंपनीने आधी हात वर केले, हा हॅकर लोकांचा उद्योग म्हणून. पण थोड्याच दिवसांत प्लेस्टेशनच्या डिस्कवरही तेच दृश्य सापडलं, आणि विकलेल्या डिस्कवर बाहेरचा कुणी काही लिहू शकत नाही. म्हणजे दृश्य कंपनीनेच बनवलं होतं आणि वाट बुजवून आत तसंच ठेवलं होतं.

मग जो गदारोळ झाला! न्यूयॉर्कच्या तेव्हाच्या सिनेटर हिलरी क्लिंटन यांनी चौकशीची मागणी केली. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने 355 विरुद्ध 21 मतांनी तसा ठराव केला. न्यूयॉर्कमधल्या 85 वर्षांच्या एका आजींनी कंपनीवर दावा लावला, कारण त्यांनी हा गेम नातवाला घेऊन दिला होता. नातू 14 वर्षांचा. खोक्यावर 17 लिहिलेलं. गोळीबाराबद्दल आजींची तक्रार नव्हती. (हसू नका, आपल्याकडच्या आज्याही नातवाने मागितलं की खोकं वाचत बसत नाहीत.)

20 जुलैला ईएसआरबीने शिक्का बदलला. 'एम'चा 'एओ' झाला, म्हणजे फक्त प्रौढांसाठी. वयाच्या हिशेबात 17 चे 18. एका वर्षाचा फरक! पण वॉलमार्टसारखी मोठी दुकानं 'एओ' शिक्क्याचा माल ठेवतच नाहीत, आणि सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो आपल्या यंत्रांवर तो येऊ देत नाहीत. त्यामुळे ते एक वर्ष म्हणजे बाजारातून हकालपट्टी. डिस्क परत बोलवाव्या लागल्या, दृश्य कापून नवी आवृत्ती काढली आणि पुन्हा 'एम' मिळवला.

तीच डिस्क ब्रिटनमध्येही विकली जात होती. तिथे गेमवर पहिल्यापासून 18 चा शिक्का होता, तो तसाच राहिला. ऑस्ट्रेलियात मात्र विक्रीवरच बंदी आली, कारण तिथे गेमसाठी सगळ्यात वरची पायरी 15 वर्षांची होती. सिनेमाला 18 ची पायरी होती, गेमला नव्हती. ती जानेवारी 2013 मध्ये आली. आता ऑस्ट्रेलियन माणूस इंग्रजापेक्षा सोवळा आहे असा अर्थ यातून काढायचा का? मला तर तो नियमांच्या फळीवर एक खण कमी असल्याचा परिणाम वाटतो.

थोडं मागे जाऊ. 1982 साली अमेरिकेत 'कस्टर्स रिव्हेंज' नावाचा अटारीवरचा गेम आला. त्यात खांबाला बांधलेल्या मूळनिवासी स्त्रीवर अत्याचार करण्यावर गुण होते. स्त्री संघटना आणि मूळनिवासी संघटना न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावर उतरल्या. खुद्द अटारीने कोर्टात धाव घेतली, कारण त्यांच्या यंत्रासाठी कुणीही काहीही बनवून विकू शकत होतं. निन्टेन्डोने अमेरिकेत पाऊल ठेवलं तेव्हा यंत्रात कुलपाची चिपच घातली. त्यांच्या परवानगीशिवाय काडतूस चालणारच नाही. त्यानंतरची कितीतरी वर्षं अमेरिकेतल्या घराघरात काय सभ्य आणि काय असभ्य हे त्या एका कंपनीच्या कचेरीत ठरत होतं. जपानी गेम तिथे येताना त्यातल्या उघड्या पुतळ्यांनाही वस्त्रं नेसवली जात.

आता 'सगळं चालणारा' जपान. पुढे इतिहासाच्या गेमसाठी नावाजलेली कोएई आणि 'ड्रॅगन क्वेस्ट'वाली एनिक्स, दोघींनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रौढांचे गेम काढलेत. पण तिथल्या दंडसंहितेचं 175 वं कलम 1907 पासूनचं आहे आणि त्याच्या धाकाने गुप्तांगांवर आजही चौकोनी ठिपक्यांचा पडदा असतो. 1991 साली क्योटोत एका शाळकरी मुलाने दुकानातून असा एक गेम चोरला. पोलिसांनी बघितलं तर पडदा नाही! प्रकाशकाला अटक झाली. पाठोपाठ 1992 मध्ये धंद्यातल्या लोकांनी आपलीच नीतिसंस्था काढली आणि खोक्यांवर 18 चे शिक्के आले. म्हणजे जपानातही सगळं चालत नाही. चालतं ते पीसीवर आणि वेगळ्या फळीवर, घरच्या कन्सोलवर नाही.

इथे मात्र 'ज्याची त्याची संस्कृती' म्हणून हात झटकणं मला पटत नाही. 'रेपले' हा 2006 चा जपानी गेम, विषय नावातच आला. 2009 मध्ये तो अॅमेझॉनवर विकायला दिसला तेव्हा ओरड झाली, अॅमेझॉनने काढला, आणि इक्वालिटी नाऊ या संघटनेने मोहीम उघडल्यावर त्या जपानी नीतिसंस्थेने असले गेम बनवण्यावरच बंदी घातली. तो ज्यांनी थांबवला त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 'विचर' या पोलिश गेममधली नायिकांची चित्रं 2007 मध्ये फक्त अमेरिकेसाठी झाकली, तीही याच नैतिकतेच्या खात्यावर मांडली जातात. दोन्ही एकच कशी?

आपल्याकडे तर 'लेडी चॅटर्लीज लव्हर'साठी शिक्षा झाली ती मुंबईतल्या पुस्तकविक्रेत्यांना, आणि सुप्रीम कोर्टाने ती 1964 मध्ये कायम केली. दुकानदार घाबरतो ते उगाच नाही. 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टने 'फॉलआउट 3' भारतात आणला नाही तेव्हा कुणी बंदी घातली नव्हती. सांस्कृतिक संवेदनशीलता, एवढंच कारण दिलं. कोणती, ते सांगितलं नाही.

आता डिस्क, खोकी गेली, पण दुकानदार आहेच. जुलै 2025 मध्ये कलेक्टिव्ह शाउट या ऑस्ट्रेलियन संघटनेने बलात्कार आणि कुटुंबातल्या अत्याचारावरच्या गेमविरुद्ध आवाज उठवला. पत्र लिहिलं ते सरकारला नाही, कार्डाने पैसे फिरवणाऱ्या कंपन्यांना. काही दिवसांत स्टीमवरून असे बरेच गेम उतरले, आणि इच डॉट आयओने तर प्रौढांचा शिक्का असलेले सगळेच गेम शोधयादीतून एका फटक्यात काढले. किळसवाणे त्यात होते, आणि एकेकट्या माणसाने स्वतःच्या शरीराबद्दल, प्रेमाबद्दल बनवलेले साधे गेमही होते. ज्यांनी काढायला लावले त्यांनी दुसऱ्या प्रकारचे मागितलेही नव्हते. फुकटचे त्यातले बरेच काही दिवसांनी यादीत परत आले. जिथे कार्ड लागत नाही तिथे भीती कुणाची?